मत्स्यव्यवसाय धोरण आणि सागरी विज्ञान : वरिष्ठ सरकारी पदांसाठी कुठल्या दारानं आत जायचं?

खाडीकाठ

मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था म्हणजे सीआयएफई, तिथंच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं (सीएमएफआरआय) प्रादेशिक केंद्र, लोखंडवालाकडे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं (एनआयओ) केंद्र, ससून डॉकवर भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचं (एफएसआय) मुख्यालय, शिवाय राज्याचं मत्स्यव्यवसाय आयुक्तालय. मासळी आणि समुद्राशी संबंधित इतकी सरकारी कार्यालयं असलेलं दुसरं शहर शोधावं लागेल. तरी बी.एफ.एससी.च्या (मत्स्यविज्ञानाच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षातल्या किंवा एम.एससी. प्राणिशास्त्र, समुद्रविज्ञान झालेल्या मुलांना पुढचा रस्ता नीट समजावून सांगणारं काही मराठीत सापडत नाही. जाहिराती फिरतात, मार्गदर्शन नाही.

म्हणून हा धागा. शिपाई ते संचालक अशी सरसकट यादी नको. धोरण ठरवणारी, साठ्यांचा अंदाज बांधणारी, परवाने आणि बंदी यांवर सही करणारी जी पदं आहेत, तिथवर कसं पोचायचं तेवढंच लिहा. जाहिरातीचा क्रमांक, तारीख यांपेक्षा लोक अडतात कुठे ते हवं आहे.

वावभर

चांगला विषय. सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागते, कारण पदांची सगळी वाटणी तिथून निघते. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय, नोंद २१. प्रादेशिक जलधीच्या पलीकडची मासेमारी केंद्रसूचीत, नोंद ५७. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्र. आपल्याकडचा कायदा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. पर्ससीनवर (थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध आणणारा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश राज्याचा. एलईडी दिवे लावून आणि दोन बोटींच्या जोडीनं ट्रॉल, म्हणजे ओढायचं जाळं, ओढून मासेमारी करायला अनन्य आर्थिक क्षेत्रात (म्हणजे त्याच २०० मैलांच्या पट्ट्यात) बंदी घालणारा नोव्हेंबर २०१७ चा आदेश केंद्राचा. मासा एकच, बोट एकच, पण फाईल दोन ठिकाणी.

त्यामुळे आत जायची दारं तीन. राज्याचं दार एमपीएससीचं. केंद्राच्या खात्याचं आणि एफएसआयचं दार यूपीएससीचं. संशोधनाचं दार भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) सीआयएफई, सीएमएफआरआयसारख्या संस्थांसाठी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाचं (एएसआरबी); एनआयओसाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांसाठी ज्यांची त्यांची जाहिरात.

ही दारं आतून एकमेकांना जोडलेली नाहीत, हे सगळ्यात आधी समजून घ्या. राज्यात सहायक आयुक्त झालेला माणूस पंधरा वर्षांनी सीएमएफआरआयचा प्रधान शास्त्रज्ञ होत नाही. आयसीएआरचा शास्त्रज्ञ दिल्लीत मत्स्यव्यवसाय विभागात येतो, पण बहुतेक वेळा प्रतिनियुक्तीवर, मुदतीपुरता. पंचविशीत निवडलेलं दार पन्नाशीत कुठल्या खुर्चीवर बसाल ते बरंचसं ठरवतं. म्हणून ‘आधी मिळेल ते धरू, मग बघू’ हा सल्ला या क्षेत्रात महागात पडतो.

मांदेली

पात्रतेबद्दल. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

बी.एफ.एससी. ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी. आपल्याकडे रत्नागिरीत शिरगावचं महाविद्यालय कोकण कृषी विद्यापीठाचं. नागपूर आणि उदगीर माफसूकडे (महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ). सीआयएफईला (स्थापना १९६१, आयसीएआरकडे १९७९ पासून, अभिमत विद्यापीठ १९८९ पासून) एम.एफ.एससी. करायची तर ही चार वर्षांची पदवीच लागते, प्रवेश आयसीएआरच्या अखिल भारतीय परीक्षेतून. तीन वर्षांच्या बी.एससी. प्राणिशास्त्रावर तिथे एम.एफ.एससी.ला जाता येत नाही. पीएच.डी.ला मात्र काही विषयांत एम.एससी.वाल्यांनाही घेतात, विषयागणिक यादी असते, ती वाचायची.

आता गंमत बघा... नाही, गंमत नाही, नुकसानच होतं मुलांचं. पदव्युत्तर पदवीवर विषयाचं जे नाव छापलेलं असतं, ते जाहिरातीतल्या नावाशी जुळावं लागतं. विद्यापीठानं अभ्यासक्रमाचं नाव बदललं, ‘सागरी जीवशास्त्र’चं ‘सागरी जैवसंपदा’ वगैरे केलं, की छाननीत अर्ज बाजूला पडतो. उपाय एकच : प्रवेशाच्या वेळीच मागच्या दोन-तीन जाहिराती काढून पदवीचं नाव जुळवून बघा, आणि जुळत नसेल तर विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र शिकत असतानाच घ्या. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात असलं पत्र कुणी देत नाही.

शीड

संशोधनाच्या दाराबद्दल मी लिहितो.

कृषी संशोधन सेवा, म्हणजे एआरएस, १९७५ पासून आहे. परीक्षा एएसआरबी घेतं. पूर्वपरीक्षा वस्तुनिष्ठ, १५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि तिचे गुण पुढे धरत नाहीत. मुख्य परीक्षा वर्णनात्मक, २४० गुण. मुलाखत ६०. म्हणजे निवड लेखणीवर होते. पूर्वपरीक्षेच्या प्रश्नसंचांत दोन वर्षं घालवून मुख्य परीक्षेला पहिल्यांदाच तीन तास सलग लिहायला बसणारे बरेच असतात आणि तिथेच गळतात. शिक्षण आणि वयाच्या अटी एएसआरबीनं मधल्या काळात बदलल्या आहेत. जुन्या पुस्तकांवर विसंबू नका, चालू जाहिरातच प्रमाण.

आयसीएआरच्या शास्त्रज्ञाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांत (हैदराबादचं समुद्र-माहिती केंद्र इनकॉइस, कोचीचं सागरी जैवसंपदा केंद्र सीएमएलआरई, गोव्याचं ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र एनसीपीओआर) सायंटिस्ट ‘बी’ला ५६,१००, ‘सी’ला ६७,७००. एनआयओ सीएसआयआरचं, तिथे शास्त्रज्ञाची भरती थेट ६७,७०० वर होते. मुंबईत नेमणूक असेल तर घरभाडे भत्ता सध्या मूळ वेतनाच्या ३० टक्के.

पण सुरुवातीच्या आकड्यापेक्षा बढतीची पद्धत बघा, फरक तिथे पडतो. मंत्रालयाच्या वैज्ञानिक पदांवर लवचिक बढती योजना आहे : जागा रिकामी असण्याची वाट बघावी लागत नाही. ‘बी’वरून ‘सी’ला किमान ३ वर्षं, ‘सी’ ते ‘डी’ आणि ‘डी’ ते ‘ई’ प्रत्येकी ४, पुढे ‘एफ’ आणि ‘जी’ला ५-५. गोपनीय अहवालाचे गुण आणि मुलाखत दोन्ही पार करावं लागतं. आयसीएआरमध्ये दोन वाटा आहेत. एक, आहे तिथेच गुणवत्तेवर पुढची पायरी. दुसरी, एएसआरबीच्या जाहिरातीतून थेट वरिष्ठ शास्त्रज्ञ (१,३१,४००) किंवा प्रधान शास्त्रज्ञ (१,४४,२००). विभागप्रमुख आणि संचालक ही पाच वर्षांच्या मुदतीची व्यवस्थापकीय पदं, त्यांची निवड वेगळी. निवृत्ती शास्त्रज्ञाला ६२, तांत्रिक कर्मचाऱ्याला ६०. टी-६ हे तांत्रिक पद आणि शास्त्रज्ञ ही पदं एकाच जाहिरातीत येतात. दोन्हींचा वेतनाचा आकडा जवळपास दिसतो म्हणून कित्येक जण फरक न बघता पसंतीक्रम भरतात. संचालकपदापर्यंत जायचं असेल तर शास्त्रज्ञ संवर्गातच शिरायला हवं.

नोंदवही

यूपीएससीचं दार.

दिल्लीच्या मत्स्यव्यवसाय विभागातली तांत्रिक पदं (संशोधन तपास अधिकारी, सहायक आयुक्त, वर उपायुक्त, विकास आयुक्त) आणि एफएसआयची गट ‘अ’ मधली वैज्ञानिक पदं यांना दरवर्षी ठरलेली परीक्षा नसते. जागा निघाली की ऑनलाइन अर्ज, छाननी, मग मुलाखत. अर्ज खूप आले तर लेखी चाचणी. तेव्हा चाचणीला ७५ आणि मुलाखतीला २५ असं वजन. मुलाखतीत खुल्या गटाला १०० पैकी किमान ५०, इतर मागासवर्गाला ४५, अनुसूचित जाती-जमातींना ४०.

इथे उमेदवार पडतो तो अनुभवाच्या दाखल्यावर. दाखला कार्यालयाच्या लेटरहेडवर, कामाचं स्वरूप तपशीलवार, तारखा दिवसासकट, पूर्णवेळ की अर्धवेळ ते स्पष्ट, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का. ‘यांनी आमच्या प्रकल्पात समाधानकारक काम केले’ अशा एका वाक्याच्या दाखल्याला किंमत नाही. जाहिरातीत ‘सागरी मत्स्यसाठ्यांच्या सर्वेक्षणाचा अनुभव’ असेल तर दाखल्यात तेच काम दिसलं पाहिजे : कोणत्या जहाजावर किंवा कोणत्या धक्क्यावर, कोणत्या जाळ्याचे नमुने, कोणतं विश्लेषण. अनुभव धरतात तो आवश्यक पदवी मिळाल्यानंतरचा. प्रकल्प संपला, प्रमुख निवृत्त झाले, मग दाखला मिळवणं फार कठीण. प्रकल्प सुटायच्या आठवड्यात दाखला हातात घ्या.

दुसरं, नागरी सेवा परीक्षेत मत्स्यविज्ञान हा वैकल्पिक विषय नाही. ती परीक्षा देणारे बी.एफ.एससी.वाले प्राणिशास्त्र किंवा भलताच विषय घेतात. अखिल भारतीय मत्स्यसेवा असा संवर्गही अस्तित्वात नाही.

उधाण

माझा आक्षेप इथेच आहे. संवर्ग नाही, आयुक्त आयएएस, दिल्लीत सहसचिव आणि सचिव प्रशासकीय सेवेतले. मग तांत्रिक माणसानं एवढे कष्ट घेऊन धोरण ठरवलं असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? मुलांना खोटी आशा दाखवू नये.

वावभर

उधाण, आक्षेप रास्त आहे, पण अर्धा. अंतिम सही प्रशासकीय अधिकाऱ्याची, हे खरं. सहीच्या आधीच्या टिपणीत जे आकडे आणि पर्याय येतात ते तांत्रिक अधिकाऱ्याचे. किमान कायदेशीर आकाराचंच (त्याहून लहान मासा पकडायचा नाही) उदाहरण घ्या. सीएमएफआरआयनं जातीवार लांब्या सुचवल्या, त्यावरून राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अधिसूचना काढली. पापलेटला १३५ मिलिमीटर. ही लांबी मोजमापांतून आली, बैठकीत मतदानानं ठरली नाही.

शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनं सागरी नियमन कायद्याखालचे खटले चालवण्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. म्हणजे राज्याच्या दारानं आत गेलेला अधिकारी आज अर्धन्यायिक आदेश लिहितो. त्यात पंचनामा कच्चा असेल, नौकेचा नोंदणी क्रमांक आणि पकडल्या जागेचे अक्षांश-रेखांश नसतील, जाळ्याच्या आसाची (एका डोळ्याची) लांबी दोन पंचांसमोर मोजलेली नसेल, तर अपिलात आदेश टिकत नाही. बी.एफ.एससी.त हे शिकवत नाहीत. नैसर्गिक न्याय, नोटीस, सुनावणी, कारणांसहित आदेश एवढं तरी एमपीएससीची तयारी करतानाच वाचून ठेवावं.

उधाण

अर्धन्यायिक अधिकारांचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. पण मग आकड्यांवर बोलू. धक्क्यावरचे आकडे किती विश्वासाचे असतात? एक-दोन दिवस कुणी येऊन वहीत लिहून जातं आणि त्यावरून महिन्याचं उत्पादन काढतात, अशी मच्छीमारांची तक्रार असते.

वावभर

हे सविस्तर लिहायला हवं, कारण वरिष्ठ पदाच्या मुलाखतीत आणि नंतर प्रत्यक्ष कामातही सगळं यावर येऊन ठेपतं.

सीएमएफआरआयची पद्धत स्तरीकृत बहुटप्पी यादृच्छिक नमुन्याची आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग. पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठी टाकावी तसा निवडतात, तिथून सलग सहा दिवस धरून दोन-दोन दिवसांचे तीन गट. ४ तारीख आली तर ४-५, ६-७, ८-९. पुढच्या भागांत दहा दिवसांचं अंतर : १४ पासून, २४ पासून. प्रत्येक गटाला त्या विभागातलं एक मासळी उतरवण्याचं केंद्र. पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ निरीक्षण. मधल्या रात्री उतरलेल्या मासळीची चौकशी करून नोंद. म्हणजे दिवस दुपार ते दुपार असा.

बोटी किती बघायच्या तेही ठरलेलं. १५ पर्यंत आल्या तर सगळ्या. १६ ते १९ असतील तर पहिल्या १० आणि उरलेल्यांतल्या निम्म्या. २० ते २९ ला दोनांत एक, ३० ते ३९ ला तिनांत एक, असं पुढे. बोट निवडल्यावर जाळं कुठलं, किती तास ओढलं, किती वाव पाण्यात, कोणती मासळी किती.

आता दोलीचा, म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचा, विचार करा. दोल भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) बोंबील, जवळा, करंदी भरपूर. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) पाणी ढिलं, मासळी कमी. कुणी सोयीनं दर पंधरवड्याला त्याच वारी धक्क्यावर गेलं, तर प्रत्येक वेळी उधाण तरी गाठेल किंवा भांग तरी, आणि महिन्याचा अंदाज एका बाजूला झुकेल. दहा दिवसांचं अंतर साधारण पंधरा दिवसांच्या चक्राशी जुळत नाही, म्हणून भरतीच्या वेगवेगळ्या अवस्था नमुन्यात येतात. पद्धत चांगली आहे. ती मोडते निरीक्षक कमी पडतात तेव्हा, भाऊच्या धक्क्यासारख्या ठिकाणी एकाच वेळी डझनभर ट्रॉलर लागतात तेव्हा, आणि तांडेलाऐवजी (बोटीच्या प्रमुखाऐवजी) दलालाला विचारून आकडा लिहिला जातो तेव्हा.

त्याहून मोठी चूक पुढे होते, अहवाल लिहिताना. ट्रॉलरच्या खेपा पूर्वी एक-दोन दिवसांच्या होत्या, आता आठ-दहा दिवसांच्या. समजा, दोन दिवसांच्या खेपेला ४०० किलो मिळायचे आणि आता आठ दिवसांच्या खेपेला १,२००. दर खेपेमागे मासळी तिप्पट दिसते. दर दिवसामागे मात्र २०० वरून १५० वर आली. ‘प्रति नौका उत्पादन वाढले’ असं टिपणीत गेलं की वरचा अधिकारी आणखी नौकांना अनुदान मंजूर करून मोकळा. त्याला दोष देता येत नाही, त्याच्यासमोर आकडाच चुकीच्या एककात ठेवला होता. धोरणात तांत्रिक माणसाचा जोर कुठे असतो, हा उधाण यांचा प्रश्न होता. तो इथे असतो.

मांदेली

+१. लांबीच्या नमुन्यांबद्दल जोड देते. साठ्याचा अंदाज बांधताना लांबी-वारंवारतेवरून (कोणत्या लांबीचे किती मासे) वाढीचा वेग, मग एकूण मृत्युदर, त्यातून नैसर्गिक मृत्युदर वजा करून मासेमारीचा मृत्युदर. समजा एकूण २.४, नैसर्गिक ०.९, तर मासेमारीचा १.५ आणि शोषणाचं प्रमाण १.५ भागिले २.४, म्हणजे ०.६३ च्या आसपास. ढोबळ नियमानं ०.५ च्या वर गेलं की जास्त उपसा. फिसॅटसारख्या संगणकप्रणालीत हे पाच मिनिटांत निघतं, आणि म्हणूनच चुकतं. नमुना लिलावाच्या टोपलीतून घेतला तर निवडलेला मोठा मासाच मोजला जातो, बारीक मासळी आधीच सुक्यासाठी किंवा कुटीसाठी (मासळीच्या भुकटीसाठी) वेगळी काढलेली असते. पिल्लं नमुन्यात नाहीत, मोठेच दिसतात, आणि साठा आहे त्यापेक्षा सुदृढ वाटतो. बोटीतून उतरताना, वर्गवारीच्या आधी नमुना घ्यायचा. मुलाखतीत ‘नमुना कुठून घेतला?’ हा प्रश्न हमखास येतो आणि प्रबंधात त्याचं उत्तर नसतं.

खाडीकाठ

फार उपयोगाचं. प्रतिनियुक्तीबद्दल कुणी लिहील का? राज्यातून किंवा संशोधन संस्थेतून दिल्लीला जाणाऱ्यांचे अर्ज परत येतात असं दिसतं.

नोंदवही

परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, ‘समकक्ष पद’. जाहिरातीत ‘अमुक वेतनस्तरावर नियमित पाच वर्षं’ असतं. आश्वासित प्रगती योजनेत (बढती नसताना ठरावीक वर्षांनी वेतन वाढवणाऱ्या) मिळालेला वरचा स्तर इथे धरत नाहीत, पद बदललेलं नसतं म्हणून. वेतनचिठ्ठीवर स्तर ११ दिसतो आणि नियमित पद स्तर १० चं असतं, अर्ज बाद. सेवापुस्तकातली नियमित नेमणुकीची तारीख बघूनच वर्षं मोजा.

दुसरं, वाटेतला उशीर. अर्ज योग्य मार्गानं जावा लागतो : संवर्गाची मान्यता, दक्षता दाखला, सचोटीचं प्रमाणपत्र, गेल्या दहा वर्षांतल्या शिक्षांचं विवरण, पाच वर्षांचे गोपनीय अहवाल पानापानावर साक्षांकित. दोन महिन्यांची मुदत मोठी वाटते, पण फाईल तीन टेबलांवर थांबते. जाहिरात येण्याआधी आपले गोपनीय अहवाल पूर्ण आहेत का ते बघून ठेवा. एखाद्या वर्षाचा नसेल तर ‘अहवाल लिहिला गेला नाही’ असा दाखला लागतो. वयाची मर्यादा सहसा ५६.

शीड

धोरणाकडे जाणाऱ्यांनी वाचायचं म्हणून थोडं : सागरी मत्स्यव्यवसायाचं २०१७ चं राष्ट्रीय धोरण, संभाव्य उत्पादनाचा २०१८ चा अहवाल (५३.१ लाख टन), १७ जून २०२२ ला जिनिव्हात झालेला जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानाचा करार आणि त्यात संक्रमणासाठी २५ वर्षं मागण्यामागची भारताची भूमिका, अमेरिकेनं २०१९ पासून आपल्या समुद्रातली कोळंबी का थांबवली आणि ट्रॉलला कासव सुटण्याचं साधन लावण्याशी त्याचा संबंध काय. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातल्या नौकेची किंमत १२० लाख धरली आहे : सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के म्हणजे ४८ लाख, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के म्हणजे ७२ लाख. उरलेली रक्कम लाभार्थी कुठून आणतो, कर्जाला तारण काय देतो, हे सातपाटी, वर्सोवा, करंजाच्या सहकारी संस्थांमध्ये विचारून समजून घ्या. परिपत्रकात ते मिळत नाही.

उधाण

एक राहिलं. मुंबईत राहून तयारी करणाऱ्यांनी धक्क्यावर कधी जावं?

वावभर

१ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा जाळी विणणं आणि बोटींची डागडुजी बघायला मिळते, मासळीच्या नोंदी नाहीत. ऑगस्टपासून जा. ससून डॉकला पहाटे पाचच्या आत पोचा, सातनंतर बरीचशी मासळी उचललेली असते. दोल बघायची तर वर्सोवा किंवा मढ, आणि पंचांग बघून एकदा पौर्णिमेच्या आसपास, एकदा अष्टमीला. सोबत मोजपट्टी, पाण्यानं न भिजणारी वही, गमबूट. जाळ्याचा आस मोजायचा तो ओल्या जाळ्याचा, ताणून, गाठीच्या मध्यापासून गाठीच्या मध्यापर्यंत, आणि खोळीच्या (जाळ्याच्या मागच्या पिशवीच्या) टोकाशी. तोंडाशी आस मोठा असतो, तिथे मोजलं तर प्रत्येक जाळं कायदेशीर ठरेल. आणि वजनाच्या काट्याजवळ उभं राहू नका, तिथे सगळे घाईत असतात. नोंदी बोटीच्या कठड्याशी घ्या, तांडेलाला आधी विचारून.